मार्था टीचरचं ‘हाललं!’

टीचर गेल्याची बातमी टीचरच्याच नंबरवरून आली. मी नांदेडला होस्टेलच्या नळावर दात घासून राहिले होते, मोबाईल वाजला. ‘मार्था टीचर : आई पहाटे प्रभूकडं गेली.’ ब्रश तोंडात धरून मी परत परत वाचलं. टीचरची आई? ती तर कधीच गेलेली... मग डोक्यात उजेड पडला. हे त्यांच्या मुलानं, जॉनीदादानं, त्यांच्या फोनवरनं टाकलंय. आणि पुढचा घोळ असा, की आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त टीचरच लिहू शकायच्या. “नाहीतर तुम्ही दिवसभर फुलं टाकत बसता,” असं म्हणून त्यांनी आमची तोंडं बंद केलेली. जॉनीदादाला ते कुठं माहीत! म्हणजे आम्ही सगळे ते वाचून राहिलो होतो आणि एकालाही काही लिहिता येईना. शेवटी पूजाचा फोन आला. ती नुसती रडत होती, मधेच म्हणाली, “बघ ना नाझिया, गेल्यावर पण बोलू देईनात गं.” आणि आम्ही दोघी फिसकन हसलो. महिना होत आला, अजून तसंच चाललंय. रडायला बसलं की हसूच येतं.

आमची शाळा अहमदपूरला, चर्चला लागून, पत्र्याच्या वर्गांची. मार्था टीचर तिथं मुख्याध्यापक, गणित, विज्ञान आणि घंटा, सगळं एकटीच. माझे अब्बू गादीवाले, पूजाच्या घरी शेती, पण आमच्याकडं पोरगं जरा हुशार निघालं की आठवी झाल्याबरोबर लातूरला क्लासला. डॉक्टर करायचं असतं ना सगळ्यांना! त्यामुळं टीचरची दहावी दरवर्षी रिकामी होत चाललेली. करोनात सगळ्यांसारखी त्यांनी पण मोबाईलवर शाळा घेतली, पण करोना संपल्यावर सगळ्यांनी ती बंद केली आणि ह्यांनी नाही केली! सोमवार ते गुरुवार लातूरच्या पोरांची शाळा सकाळी मोबाईलवर. शुक्रवारी-शनिवारी एसटीनं अहमदपूरला यायचं, प्रयोग करायला आणि आठवड्याची बोलणी खायला. आम्ही लातूरवाले निघून गेलो असतो तर मागं दोघं-तिघं उरले असते आणि दहावीचा वर्गच बंद झाला असता. हे त्या लपवायच्या नाहीत. हजेरी झाली की म्हणायच्या, “तुम्ही हायत म्हणून माझी दहावी हाय. आता वही काढा.”

पण वहीच्या आधी ‘ते’ असायचं. टीचर त्र्याण्णवच्या भूकंपातनं वाचलेल्या. तेव्हा त्या स्वतःच शाळकरी पोर होत्या, गाव सगळं पडलेलं. त्याबद्दल कधी बोलायच्या नाहीत. फक्त वर्ग सुरू होताच ओरडायच्या, “हाललं! बाहेर!” की सगळ्यांनी असेल ते टाकून मैदानात. शाळेत ठीक होतं हो, पण त्यांनी ते मोबाईलवर पण चालू ठेवलं! मोबाईल तिथंच ठेवायचा, घराबाहेर पळायचं, परत येऊन आपलं नाव सांगायचं. एकदा आम्ही बाहेर असताना, लातूरला माझ्या सोबतीला राहिलेल्या दादीनं मोबाईल उचलला आणि टीचरला गुडघेदुखीचं औषध विचारून घेतलं. नायगावच्या मामाकडं राहणारा बालाजी तर म्हशी चारता चारता वर्गाला बसायचा, म्हशीवर. तो म्हणाला, “टीचर, मी बाहेरच हाय की, कुठं पळू?” टीचर म्हणाल्या, “तू म्हशीवरनं उतर.”

आता मुख्य किस्सा. आमच्या क्लासवाल्यांनी एक दिवस टेस्ट सकाळी लवकर ठेवली, म्हणजे नेमकी टीचरच्या वेळेला. टीचरला दांडी मारायची कुणाची छाती नव्हती. मग पूजानं मोबाईल बारीक आवाजात मांडीवर ठेवला आणि आम्ही मागच्या बाकावर दोन्हीकडं हजर! आदल्या दिवशी क्लासच्या मोठ्या सरांच्या वाढदिवसाला तिनं त्याच मोबाईलवरनं ब्लूटूथनं हॉलच्या स्पीकरवर गाणं लावलेलं. आता सरांनी सूचना द्यायला स्पीकर चालू केला आणि पूजाच्या मोबाईलनं जुनी ओळख काढली...

“हाललं! बाहेर!”

अख्ख्या हॉलमध्ये. खणखणीत. लातुरात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पहिले पळाले मोठे सर, हातात डस्टर. त्यांच्या मागं सगळा हॉल, आणि दार एकच! चपला, कंपास, डबे, एकावर एक पोरं. कुणाला लागलं नाही हे नशीब. चौथ्या मजल्यावरनं आम्ही खाली पोचलो तर झेरॉक्सवाला, ज्यूसवाला, मेसच्या मावशी पीठभरल्या हातानं, सगळी गल्ली रस्त्यावर. एक काका मोबाईलवर गावाकडं ओरडत होते, “आईला बाहेर काढ आधी, टीव्ही राहू दे!” आणि पूजाच्या खिशातनं टीचरचा आवाज, “शाब्बास. आता नावं सांगा.”

संध्याकाळी क्लासकडनं सगळ्यांच्या घरी फोन गेले. शाळेचा तो मोबाईल बंद करा, पोरांची नावं आम्ही सांगू त्या शाळेत घाला, नाहीतर क्लास सोडा. अब्बू हळूच म्हणाले, “बेटा, डॉक्टर बनना है तो क्लासवाल्याचं ऐकावंच लागतं.” पूजाच्या घरचे पण तेच म्हणाले. टीचरची दहावी संपल्यातच जमा होती आणि आमच्यात कुणाला त्यांना सांगायचं धाडस होईना.

त्यांना कळलंच. दुसऱ्या दिवशी एसटीनं लातूर, थेट चौथा मजला. आम्ही बाकावर माना खाली घालून. मोठे सर तापलेलेच होते. “मॅडम, तीनशे पोरं घाबरवलीत तुम्ही! काही झालं असतं म्हंजे?”

“तेच विचारायला आले,” टीचर म्हणाल्या. “दुसरं दार कुठंय?”

“हाय की, मागं.”

“दाखवा.”

सर तणतणत मागं गेले. दाराला नोट्सचे गठ्ठे लावलेले, छतापर्यंत. त्यांनी वरचा गठ्ठा ओढला, मग दुसरा... घामाघूम झाले. आम्ही पोरं पण उठून लागलो ओढायला. शेवटी दार दिसलं, त्याला बाहेरनं कुलूप, आणि किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नाही! सरांनी दार दोनदा ढकलून बघितलं. टीचर हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आमच्या घराला पण दोन दारं होती सर. एकासमोर धान्याची कणगी होती.” सर निलंग्याकडचे, त्याच भूकंपाच्या पट्ट्यातले, त्यांना पुढचं विचारायची गरज नव्हती.

हातातला गठ्ठा खाली ठेवत सर म्हणाले, “मॅडम, ते तुमचं ओरडायचं... आमच्याकडं पण घ्या की महिन्यातनं एकदा. स्पीकर देतो.” टीचर म्हणाल्या, “घेते. पोरांची नावं माझ्याकडंच राहतील.” सर म्हणाले, “राहू द्या.” अब्बूंना त्यांनी स्वतः फोन केला. आम्ही दहावी टीचरच्याच शाळेतनं दिली आणि बालाजी आम्हा सगळ्यांच्या वर निघाला, म्हशीसकट!

आता शाळेला नवीन टीचर मिळेपर्यंत आम्ही जुनी पोरं आळीपाळीनं मोबाईलवर वर्ग घेतोय. गेल्या सोमवारी माझी पाळी होती. दहावीची नवीन पोरं, निम्मी लातूरला, निम्मी अहमदपूरला. मी घाईघाईत म्हणाले, “वही काढा.”

कुणी काढेना. एक पोरगी म्हणाली, “दीदी, आधी ते.”

मला कळलं. पण तो शब्द मी आयुष्यात कधी म्हणलेलाच नव्हता, फक्त ऐकून पळाले होते... शेवटी पोरांतलंच कुणीतरी बारक्या आवाजात म्हणालं, “हाललं! बाहेर!”

सगळे गेले. स्क्रीनवर नुसत्या खोल्या राहिल्या. एकीकडं पंखा फिरतोय, एकीकडं दोरीवर टॉवेल, एका कॉटवर अर्धी खाल्लेली पोळी, आणि सगळीकडं सताड उघडी दारं. मी ते बघत बसले, डोळे पुसत. तेवढ्यात कुठल्यातरी चौकोनातनं लांबून आवाज आला, “दीदी, तुम्ही अजून आतच हायत का?”

मी मोबाईल टेबलावर ठेवला आणि पळाले.