मी तळं तापवलं

भालकीच्या आसपास तळं तापवून पाहणारा माणूस मी एकटाच आहे.

झालं असं की, निजामाच्या काळात खटकचिंचोळीहून मुलीचे वडील मला बघायला छकड्यातून मुक्कामाला आले. त्यांच्या रखमाला मी जत्रेत एकदा लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं! पाहुण्यांना मरळ मासा आवडतो असं कळताच, उद्याच्या जेवणाला मरळ मी आणतो, असं बोलून बसलो. (तोवर मी मासा फक्त ताटातच धरला होता.)

दिवस पौषातले. उजाडताच माणिक भोयाचं जाळं मागून तळ्यावर गेलो. माणिक म्हणाला, थंडीत मासा खोल पाण्यात दडून बसतो. काठचं उथळ पाणी उन्हानं तापलं की मगच इकडे येतो, तोवर गप बसावं. पण ऊन कुठलं? आभाळ भरून आलेलं. मी बसलो, उठलो, आभाळाकडे पाहिलं, परत बसलो, परत उठलो. गप बसणं आमच्या घराण्यातच नाही! शेवटी वाटलं, ऊन नसेना का, पाणी तापल्याशी काम. घरी पळालो. परसातल्या चुलीवर हंडाभर पाणी उकळत होतं. ते दोन घागरींत भरलं, कावडीनं तळ्यावर नेलं आणि काठाला ओतून दिलं.

मागे वळून बघतो तर पाहुणे! अंगावर नुसता पंचा, हातात तांब्या, दात वाजतायत. तो हंडा कुणाच्या आंघोळीचा होता हे मला तेव्हा कळलं.

"काय करायलास?"

"पाणी तापवायलोय."

"तळ्याचं? कामून?"

"मासे गारठल्यात, मामा."

त्यांनी तळ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. तेवढ्यात ऊन पडलं. मला काठावर बसवून, हलू नको असं बजावून, जाळं त्यांनीच टाकलं. दुपारपर्यंत दोन मरळ निघाले. जेवताना लग्नाचा शब्द काढला नाही आणि तसेच छकड्यात बसून गेले. पुढचे आठ दिवस मी खटकचिंचोळीच्या वाटेवर येरझाऱ्या घातल्या.

मग होकार आला! मला वाटलं, आपली धडपड बघून माणूस खूश झाला. घरी जाऊन ते खरं काय म्हणाले, ते रखमानं लग्नानंतर सांगितलं.

"पोरगं येडं हाय. आपली रखमा तिथं राज्य करील."

पुढं निजामाचं राज्य गेलं. रखमाचं अजून चालू आहे.