एक पालेभाजी

त्या दिवशी सकाळी बाबा बाजारातून आले, पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली आणि खाली बसले. आईने विचारले, "काय आणलंत?" त्यांनी उत्तर दिले नाही. तिने पुन्हा विचारले. त्यांनी तोंड उघडले, पण शब्द आला नाही.

डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू. हात हळूहळू वळू लागेल, वाचेचे सांगता येत नाही. आमच्याच गल्लीतले म्हातारे बंगाली डॉक्टर होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा. वस्तूंची नावं विचारा. फक्त 'चुकलं' म्हणू नका."

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. चूक दाखवल्याशिवाय विचारायचे कसे, हे मला येत नव्हते. पेला दाखवला की बाबा "दार" म्हणायचे. मी काही बोलत नसे, पण ते माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि भिंतीकडे वळायचे. पुढे पुढे त्यांनी तोंड उघडणेच सोडले.

घरात एक जुना मराठी शब्दकोश होता. नोकरीसाठी नागपूर सोडून कलकत्त्याला येताना बाबांनी ट्रंकेतून आणलेला. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत त्यांचे दिवसभर इंग्रजी चाले, रस्त्यावर हिंदी नाहीतर बंगाली. मराठी होती ती घरापुरती, आणि घरात शब्दावरून वाद झाला की हा कोश निघे. त्यातल्या वनस्पती मात्र कोणीतरी कंटाळून लिहिल्यासारख्या होत्या. घोळ : एक पालेभाजी. चाकवत : एक पालेभाजी. मायाळू : एक वेल, हिच्या पानांची भाजी करतात. माका : एक वनस्पति, औषधी. काहींपुढे नुसतेच 'प्रसिद्ध आहे'. बाबा पूर्वी यावर हसायचे. म्हणायचे, "ज्याला आधीच माहीत आहे, त्यानेच कोश उघडावा, अशी सोय केली आहे."

एका संध्याकाळी मी तपासायच्या वह्या बाजूला सारल्या आणि कोश घेऊन त्यांच्याजवळ बसले. अर्थ मी वाचायचा, शब्द त्यांनी सांगायचा.

"एक पालेभाजी," मी म्हणाले.

कोणतीही पालेभाजी चालली असती. चुकायला जागाच नव्हती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पुँई."

"बरोबर."

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. "काय म्हणाले?"

"पुँई. म्हणजे मायाळू."

"मग मायाळू का नाही म्हणाले?"

मग रोज एकदोन शब्द येऊ लागले. नोटे, कलमी, सजने. सगळे बंगाली. बाजार कायम बाबांचाच असे, आणि परतली ती बाजाराची भाषा. डॉक्टर म्हणाले, असे होते, कोणती भाषा आधी येईल ते आपल्या हाती नाही.

आईला बंगाली येत नव्हती. कलकत्त्यात इतकी वर्षे काढूनही ती अडलेले काम हिंदीत भागवायची. संध्याकाळी सगळे उरकून ती दाराशी येऊन बसे, एका मराठी शब्दाची वाट बघत. नाव ते तिचे तसेही कधी घेत नसत. नुसते "अगं" म्हणाले असते, तरी तिला पुरले असते.

"भाजीवाल्यांशी बोला म्हणावं," ती एकदा म्हणाली. "आम्ही काय, घरचे."

शाळेत परीक्षा सुरू झाल्या. एक दिवस मी आले ती तशीच आडवी झाले. जाग आली तेव्हा आई कोश मांडीवर घेऊन बसली होती.

"एक पालेभाजी," ती दरडावल्यासारखे वाचत होती.

"नोटे," बाबा म्हणाले.

"नोटे म्हणजे काय हो? तांदुळजा?"

"नोटे," बाबा पुन्हा म्हणाले.

"बघतेच आता."

सकाळी ती माझ्याबरोबर बाजारात आली. भाजीवाल्याने काय देऊ म्हणून विचारले, "की देबो, माशिमा?" आई म्हणाली, "नोटे." घरी येऊन तिने जुडी बाबांच्या पुढ्यात धरली. "हा तर तांदुळजाच. मला तांदुळजा म्हणून खाऊ घातलात आणि तिकडे नोटे नोटे करत होतात."

बाबा हसले. एकाच गालाने, पण हसले.

थंडीभर त्यांचे बोलणे चालले. पालक हवा असला की बाबा म्हणायचे, "पालंग?" आई सांगायची, "आज किडका होता. उद्या बघते." ते मान हलवायचे. मी मात्र संध्याकाळी कोश घेऊन बसतच होते. वाचून वाचून थकले होते, तरी एखादा मराठी शब्द येईल असे वाटे.

फाल्गुनात दुसरा झटका आला. मी शाळेत होते. घरी पोचले तोवर सगळे संपले होते.

नागपूरहून थोरले काका आले. त्यांनी आईला विचारले, "शेवटी काही बोलला का तो?"

"हो. पालंग म्हणाले."

काकांनी न समजून माझ्याकडे पाहिले.

पाहुणे गेल्यावर मी आईला म्हणाले, "पालंग म्हणाले की पालक? शेवटचं अक्षर नीट ऐकलंस का?"

"तेवढं नाही ऐकलं," आई म्हणाली. "आणायला सांगताहेत, हे कळलं. मी म्हटलं, आणते."

घरात आता आई आणि मी आहोत. आम्ही मराठी बोलतो. भाज्यांची नावे बंगालीत आहेत.