पाण्यात हललेलं काहीतरी

फोटोंना चौकटी करून देणं हा तिचा धंदा. गल्लीत सगळे तिला फ्रेमवालीच म्हणायचे. बहुतेक गिऱ्हाइकं गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन येत, आणि ती दिवसभर त्या चेहऱ्यांच्या सोबतीत काच कापत बसे. त्यांची तिला कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती एकाच बाईची, मावशीची.

आई लवकर गेली म्हणून मावशीने तिला वाढवलं. त्या मावशीच्या अंगावरून उतारवयात रक्त जायचं. कुणाला पत्ता लागू नये म्हणून ती न्हाणीघराचा नळ मोठा सोडून कपडे धुवायची. विचारलं की म्हणायची, "बायकांना चालायचंच." घरच्यांना कळलं तेव्हा वेळ टळून गेली होती; कॅन्सरने मावशी गेली.

लग्नाला आठ वर्षं होऊनही फ्रेमवालीला मूल नव्हतं. त्यात दोन पाळ्यांच्या मध्येच डाग पडू लागले. ती गडद कपडे घालू लागली. भर दुपारी न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येई; उठून बघावं तर नळ कोरडा. एकदा कपडे धुताना तिने स्वतःच नळ पूर्ण सोडला, आणि तिचं आपल्या हातांकडे लक्ष गेलं. ते हात मावशीचे होते.

नवरा बस चालवायचा, बोलायला कमी. तो न्हाणीघराच्या दारात उभा राहिला.

"किती दिवस लपवणार आहेस? मला काय डोळे नाहीत?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं, त्यापलीकडे काही कळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढची पाळी संपली की लगेच या. पिशवीत थोडं सलाईन सोडून बघू. पाण्यामुळे आतलं नीट दिसतं."

पाळी संपताच ती तपासणीला गेली. पडद्यावर काळं पाणी पसरलं, आणि त्यात एवढंसं पांढुरकं काहीतरी हललं. तिने मान उचलली.

"बाळ आहे?"

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "नाही गं. पॉलिप आहे. अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब. रक्त बहुतेक याच्यामुळेच जातंय. दिवस राहत नाहीत, त्यालाही हे कारण असू शकतं. दुर्बिणीतून काढू आणि तपासायला पाठवू."

काढला. रिपोर्ट चांगला आला, डाग थांबले. नवरा घरभर शीळ घालत फिरला. तिला मात्र डोळे मिटले की ते पाण्यात हलताना दिसे. क्षणभर ती त्याची आई झाली होती. हे सांगायचं कुणाला?

शेवटी ती ताईकडे गेली. ताई म्हणजे मावशीची मुलगी, वयाने बरीच मोठी. फ्रेमवालीने सगळं सांगून टाकलं. कपड्यांच्या घड्या घालणारे ताईचे हात मध्येच थांबले आणि तिचे डोळे वाहू लागले.

"ताई, रडतेस कशाला? मी बरी आहे."

"माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली," ताई हळूच म्हणाली. "हल्ली परत जायला लागलंय. थोडंसंच."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"आईने तरी कुणाला सांगितलं होतं?"

फ्रेमवाली ताडकन उठली. तिने ताईला चप्पलसुद्धा धड घालू दिली नाही, तशीच दवाखान्यात नेली. ताईलाही पॉलिप निघाला, पण त्यात वाईट पेशी होत्या. त्या पसरल्या नव्हत्या. पिशवी काढावी लागली. भुलीतून जागी होताना ताईने विचारलं, "आई येऊन गेली का गं?"

"नाही. मीच आहे."

ताई वाचली. हिंडूफिरू लागल्यावर तिने कुणाला न विचारता बाळाचे एवढेएवढे लोकरीचे मोजे विणायला घेतले. फ्रेमवालीला अजून दिवस राहिलेले नव्हते. तिने ताईच्या हातातून सुया काढून घेतल्या आणि म्हणाली, "आधी तू चार घास नीट खा."