बाहेरगावचा नंबर

नदीकाठच्या आमच्या गल्लीत पुराच्या तयारीचं पत्रक वाटलं होतं. त्याप्रमाणे मी आणि हे पिशवी भरत बसलो. बॅटरी, मेणबत्त्या, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड. शेवटची सूचना होती, बाहेरगावच्या जवळच्या माणसाचा नंबर लिहून ठेवा.

"विनयचा लिहू?" ह्यांनी विचारलं.

"तो बंद आहे. नवा त्याने दिलाय कुठे?"

मुलाने बोलणं सोडून तीन वर्षं झाली. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, मी तेवढंच ऐकत राहिले.

ह्यांनी चिठ्ठीवर माझा नंबर लिहिला.

"अहो, मी तर तुमच्याबरोबरच असणार."

"असशील ना? मग झालं," म्हणत त्यांनी पिशवीची चेन ओढली.