सात माणसांचं गॅरेज

"सात माणसं बसवली होती. वाटेत एकही उतरलं नाही. मग वजन गेलं कुठे, सांग!"

हरकरे सर आमच्या वर्कशॉपच्या दारात उभे होते. एका हातात मोजायचा टेप, दुसऱ्या हातात गाडीच्या छतावरचा तुटलेला अँटेना. मागे त्यांची एसयूव्ही. मागच्या सीटवर सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आणि काकूंचे भाऊ अजून बसलेले.

"मी पोट आत घेतलं नव्हतं," काकूंचे भाऊ काच खाली करून म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो."

हरकरे सर इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यातून क्वालिटीचे अधिकारी म्हणून रिटायर झाले. कारखान्यात तयार होणाऱ्या प्रत्येक भागाला 'जॉब' म्हणतात. जॉब केसभर जरी चुकला तरी सर त्यावर लाल खडूने फुली मारायचे. त्यांच्या फुलीने भल्याभल्यांना घाम फुटायचा.

मी पांढुर्ण्याचा. वडील संत्र्यांच्या पेट्या ठोकायचे. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. कॉलेजात असताना ट्रेनिंगला कुठे जागा मिळेना, तेव्हा ओळख ना पाळख, सरांनी मला आत घेतलं. माप कसं घ्यायचं ते त्यांनीच हात धरून शिकवलं. त्यामुळे "सर, तुमचं माप चुकलं" हे वाक्य माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

आणि माप तर चुकलं होतं. सरांनी याच शहरात सोनागिरीला घर बांधलं. ड्रॉइंग स्वतः काढलं. गॅरेजच्या तोंडावर एक बीम आहे, ती जरा खाली आली. सरांनी गाडीची उंची कंपनीच्या पुस्तिकेतून घेतली होती. त्या उंचीत छतावरचे रेल आणि अँटेना धरलेले नव्हते. सरांनी रेल काढून टाकले. तरी गाडी अंगठ्याच्या जाडीइतकी वरच.

मग सरांनी इंजिनिअरला शोभेल असा उपाय काढला. गाडीत माणसं बसवली की गाडी खाली दबते. आनंद नगरला भाड्याच्या घरासमोर त्यांनी सात जण बसवले. टेप लावला. गाडी छान दबली होती. तशीच सोनागिरीला नेली, आणि बीमने अँटेना उडवला. परत मोजलं तर गाडी होती तेवढीच उंच!

"सर, तुमच्या गाडीचे मागचे शॉकअप सेल्फ-लेव्हलिंग आहेत," मी म्हणालो.

साधा शॉकअप फक्त धक्के शांत करतो. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. सेल्फ-लेव्हलिंग शॉकअपच्या आत मात्र एक छोटा पंप असतो. गाडीत वजन भरलं की मागची बाजू बसते. पण गाडी चालू लागली की रस्त्याच्या हादऱ्यांनीच तो पंप हलतो, आतलं तेल दाबतो आणि गाडी हळूहळू पुन्हा मूळ उंचीवर येते. त्याला वीज लागत नाही, बटण लागत नाही. खड्डे लागतात. आनंद नगर ते सोनागिरी रस्त्यावर त्यांचा तुटवडा नाही.

सरांनी टेप गुंडाळला. मग म्हणाले, "म्हणजे गाडी स्वतःच स्वतःला करेक्ट करते?"

"हो सर."

"गुणी आहे," सर म्हणाले. "काढून टाक."

काकू खिडकीतून म्हणाल्या, "अरे दिनेश, पंधरा दिवसांनी वास्तुशांत आहे. यांचं सगळं जुनं डिपार्टमेंट जेवायला येणार. आयुष्यभर ज्यांचे जॉब परत पाठवले, ते सगळे. ते घर नाही बघणार, आधी गॅरेज बघतील. गाडी रस्त्यावर उभी दिसली तर हे जेवणार नाहीत, आणि मलाही जेवू देणार नाहीत."

सरांनी अँटेना खिशात घातला. मला सगळं समजलं.

आमचा मेकॅनिक रफीकभाई गाडीखाली वाकून बघत होता. तो इथल्या ठेवणीच्या हिंदीत मला म्हणाला, "को खां इंजीनियर साब, बीमार तो मकान है, और लिटा रिये हो गाड़ी को?"

"टायरची थोडी हवा काढली तर?" काकूंच्या भावांनी विचारलं.

"रोज काढायची आणि रोज भरायची?" सर म्हणाले. "मी गाडी घेतली आहे, फुगा नाही."

मालक सेठी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "कस्टमर को गाड़ी नीची चाहिए?"

"हां सर, पर असल में उनका बीम..."

"हमारी दुकान पे बीम ठीक होती है क्या? गाड़ी ठीक होती है. ढंग से करो, और सेफ करो."

तसंही एका मागच्या शॉकअपमधून तेल पाझरत होतं. ते बदलावे लागणारच होते. पण इथे एक खोच आहे. सेल्फ-लेव्हलिंग शॉकअप थोडं वजनही उचलतो, म्हणून त्याच्या जोडीची स्प्रिंग मऊ असते. नुसता शॉकअप बदलून साधा लावला, तर गाडी मागे कुत्र्यासारखी बसते आणि हेडलाइट झाडावरच्या कावळ्यांना दिसतात. त्यामुळे स्प्रिंगही बदलाव्या लागतात. आम्ही मागे साधे शॉकअप आणि थोड्या कडक, थोड्या बुटक्या स्प्रिंग बसवल्या. पुढेही तशाच बुटक्या बसवल्या, म्हणजे गाडी सरळ राहील. रस्त्याकडेचे काही लोक जुन्या स्प्रिंगचा एक वेढा गॅसने कापून देतात. ते काम मी कोणालाही करू देणार नाही. कापलेली स्प्रिंग कधी जागा सोडेल, सांगता येत नाही.

अलाइनमेंट करून गाडी सोनागिरीला नेली. गॅरेजमध्ये मी माप घेतलं, मग सरांनी घेतलं, मग मी सरांचं तपासलं आणि सरांनी माझं. गाडी बीमखालून आत गेली. वर बोटभर जागा उरली. गॅरेजच्या आतलं छत चांगलं उंच आहे, अडचण फक्त दारातल्या बीमची.

"पास," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्या रात्री मी घरी फोन करून वडिलांना सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण ते खूश झाले.

सर आमंत्रणं द्यायला गाडी घेऊन नागपूरला गेले. वाटेतून फोन आला, "दिनेश, वळणावर गाडी रस्त्याला चिकटून चालते रे! स्पीडब्रेकरवर मात्र पोट घासतं." मी म्हटलं, तिरकी काढा. वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी ते परतले. अंगणात मंडपाचं सामान पडलेलं, म्हणून गाडी रात्रभर बाहेरच राहिली.

सकाळी मी पोहोचलो तेव्हा डिपार्टमेंट गेटवर हजर होतं. सरांच्या खुर्चीवर आता बोंद्रे मॅडम बसतात. त्या सर्वांत पुढे. सर ऐटीत स्टिअरिंगवर बसले. गाडी गॅरेजकडे निघाली.

खर्रर्र. छत बीमला घासलं.

मी खाली बघितलं. गॅरेजला फरशी बसली होती. जाड ग्रॅनाइट, खाली सिमेंटचा मसाला. आम्ही दोघांनी चार वेळा माप घेतलं होतं ते नुसत्या काँक्रीटवरून. मापं बरोबर होती. जमीन वर आली होती. आणि ठेकेदाराने ती सरांनी दिलेल्या तारखेलाच बसवली होती.

सर खाली उतरले. फरशीकडे बघितलं, बीमकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर," बोंद्रे मॅडम अगदी नम्रपणे म्हणाल्या, "लोड देऊन बघायचं का?"

सरांनी मला हळूच विचारलं, "या वेळी वजन जाणार नाही ना कुठे?"

"नाही सर. आता शॉकअप साधे आहेत. दबली की दबलेलीच राहील."

क्वालिटी डिपार्टमेंटचे सहा लोक आणि काकूंचे भाऊ गाडीत बसले. गाडी दबली. बीम आणि छतामध्ये कागद जाईल एवढी फट ठेवून आत शिरली. टाळ्या झाल्या. सगळे उतरले. सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. पूजा झाली, जिलबी आणि मठ्ठ्याचं जेवण झालं. काकू जेवल्या. सरही जेवले.

मग गुरुजी म्हणाले, "मला पुढच्या यजमानांकडे सोडताय ना?"

सर किल्ली घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि तिथेच थांबले. माणसं उतरल्यावर स्प्रिंगने गाडी पुन्हा वर उचलली होती. गाडीचं छत आता बीमच्या खालच्या कडेपेक्षा वर होतं. गाडी आत कोंडली गेली होती.

"गुरुजी," सर म्हणाले, "सात माणसं लागतील."

"पूजेला?"

"गाडीला."

मंडपातून जेवलेली माणसं गोळा केली. गुरुजींना मध्ये बसवलं. जेवणानंतर गाडी आणखी सहज निघाली. बाहेर आल्यावर कोणी उतरेचना, सगळे आतच हसत बसले होते. बोंद्रे मॅडम तेवढ्या गंभीर. "सर, डेव्हिएशनवर पास करायचं?"

जॉब थोडा चुकला असेल आणि तरी चालवून घ्यायचा असेल, तर अधिकारी डेव्हिएशनवर सही करतो. हरकरे सरांनी ती सही नोकरीत कधी केली नव्हती. सगळे बघत होते. मी पुढे झालो, "सर, फरशीबद्दल मीच विचारायला हवं होतं..."

"तू गप्प बस. तुझा जॉब पास आहे."

सर पूजेच्या ताटापाशी गेले. बोटावर ओलं कुंकू घेतलं. स्टुलावर चढले आणि स्वतःच्या बीमवर मोठी लाल फुली मारली.

गुरुजींना तो विधी माहीत नव्हता. तरी त्यांनी खिडकीतून हात काढून फुलीवर अक्षता टाकल्या.

बीम तोडता येत नव्हती, वर घर उभं आहे. म्हणून चाकं जातात तिथल्या फरशीच्या दोन पट्ट्या खोदून काढल्या. आता गाडी एकट्या सरांना घेऊन आत जाते आणि एकट्या सरांना घेऊन बाहेर येते. स्पीडब्रेकरवर ती तिरकी चालते आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात. कुंकवाची फुली काकूंनी पुसू दिली नाही.

गाडी खाली करून द्या म्हणणारे अधूनमधून येतात. मी आधी गाडीखाली वाकत नाही. विचारतो, "घराला फरशी बसली का?"