वालबुर्गाबाईचे तांब्याचे बिल्ले

अमेरिकेत उत्तर-दक्षिणेचं युद्ध पेटलं आणि सिनसिनाटीतली चिल्लर गडप झाली. जो तो ती बरणीत दडवून बसला. आमच्या जर्मन वस्तीत वालबुर्गा ही विधवा बाई नवऱ्यामागे पावाची भट्टी चालवायची. जीभ तिखट, हात सढळ. गिऱ्हाइकाला परत द्यायला सुटे नाहीत, म्हणून तिने पावाचं चित्र कोरलेले तांब्याचे बिल्ले पाडून घेतले. बिल्ला द्या, पाव न्या. जेवढे बिल्ले बाहेर, तेवढं पीठ कोठीत, हा तिचा नेम. बघता बघता दूधवाला, न्हावी, चर्चची दानपेटी, सगळीकडे तेच बिल्ले फिरू लागले.

हे ओटमारला खुपलं. एवढा बिअरबागेचा मालक, आणि सुट्यासाठी पाववालीच्या तोंडाकडे बघायचं! शनिवारी सकाळी त्याने पुडी सोडली, की बाईचं पीठ संपलंय.

झालं! सगळी वस्ती बिल्ले घेऊन दुकानावर तुटून पडली. एक माणूस जरी रिकाम्या हाती परतला असता, तरी वालबुर्गाच्या बिल्ल्यांना कुणी विचारलं नसतं.

"मावशी, पीठ आहे ना हो?" शेजारच्या क्रेसेन्झने विचारलं.

"पिशवी भरली की मग विचार. धर!"

संध्याकाळी कोठी झाडून रिकामी झाली होती. बिल्ले मात्र सगळेच्या सगळे तिच्या गल्ल्यात होते.

रविवारी प्रार्थना आटोपून वस्ती नेहमीसारखी बायकापोरांसह बिअरबागेत गेली. सुटे कुणाकडेच नव्हते. घरात पाव मात्र उदंड.

"हा पाव घे आणि एक ग्लास भर," न्हावी म्हणाला.

"मी काय बेकरी काढलीय?" ओटमार खेकसला.

"मग माझ्या नोटेचे सुटे काढ!"

गिऱ्हाईक उठून जाऊ लागलं, तसा तो मुकाट्याने पाव घेत सुटला. सोमवारी तो हातगाडीभर शिळे पाव घेऊन वालबुर्गाच्या दारात उभा राहिला.

"बाई, हे घ्या आणि बिल्ले द्या."

"शिळं मी घेत नाही. आणि बिल्ले कशाच्या जोरावर देऊ? माझं पीठ संपलंय म्हणे!"

गल्ली खो खो हसली. बिल्ले तर हवेच होते. ओटमार गिरणीवर गेला, स्वतःच्या पैशाने पीठ घेतलं आणि भर बाजारातून पोती पाठीवर वाहून आणली. वालबुर्गा हात कमरेवर ठेवून दारात उभी होती. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"बघून घ्या गं सगळ्यांनी," ती ओरडली, "आहे ना पीठ?"