व्याह्यांनी निवडलेला रेडिओ

माझ्या व्याह्यांइतके तिखट कान असलेला मनुष्य कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतके दुसऱ्याचे न ऐकणाराही. हुपरीत त्यांनी जन्मभर चांदीची पैंजणे घडवली. पैंजण हलवायचे, डोळे मिटायचे आणि त्यातले कोणते घुंगरू मुके आहे ते सांगायचे, हा त्यांचा व्यवसाय. ही सवय त्यांनी घरच्या कारखान्यापुरती ठेवली असती तर माझी हरकत नव्हती. परंतु ते नारळ ऐकत, माठ ऐकत, एस.टी.त चढण्यापूर्वी इंजिन ऐकत आणि पसंत न पडल्यास मागल्या गाडीने येत. एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी त्यांनी वधूच्या आईला गाठले. "पोरीच्या डाव्या पायातलं घुंगरू फुटलंय. आधी बदला, मग टाका अक्षता." मुहूर्त टळला. घुंगरू मात्र खरोखरच फुटलेले निघाले. त्यांच्या मुलीसाठी आमचे स्थळ पाहायला आले, तेव्हा माझ्या मुलाला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. घरातले प्रत्येक दार एकदा उघडून लावले. "बिजागरी वाजत न्हाय. माणसं नीट हाईत," असा निकाल दिला आणि पोहे मागितले.

गेल्या वर्षी माझी नजर अधू झाली आणि वाचन सुटले. मोबाईलवर सारे जग ऐकता येते म्हणतात. पण त्या काचेवर बोटाला काही लागत नाही. मला चाचपून फिरवता येईल असे बटण हवे होते. म्हणून शॉर्टवेव्हचा जुना रेडिओ घेण्याचे ठरवले. त्यातले मला काहीच कळत नव्हते. सूनबाईने वडिलांना कळवले, आणि दुसऱ्याच दिवशी व्याही हजर झाले. "शॉर्टवेव्ह दिस कलल्यावर ऐकायचा असतोय," असे सांगून त्यांनी मला संध्याकाळपर्यंत खोळंबवून ठेवले.

महाद्वार रोडच्या एका बोळात जुने रेडिओ दुरुस्त करून विकणारा आहे. सूनबाईसह आम्ही तिघे त्याच्याकडे गेलो. त्याने चार रेडिओ मांडले. मी सर्वांत चकचकीत, पुष्कळ बटणांचा उचलला.

"रूप बघून जावई करत्यात, पावणं. रेडिओ न्हाय."

त्यांचा जावई म्हणजे माझा मुलगा. मी तो रेडिओ खाली ठेवला. त्यांनी सेलचे झाकण उघडून दाखवले. आत हिरवा थर साचला होता. "सेल गळल्यात. आतनं सडलाय." दुसऱ्याचे आवाजाचे बटण फिरवताच खरखरले, तोही बाद. "स्टेशन कुठल्याबी डब्यात लागतंय. दोन स्टेशनांच्या मधलं ऐकायचं," म्हणत त्यांनी ट्यूबलाइट बंद करवली, मग पंखा, मग चार्जर, त्यांची घरघर रेडिओत शिरते म्हणे.

"पावणं, रेडिओ घेताय का सोयरीक जमवताय?" अंधारातून दुकानदार म्हणाला.

"सोयरीक झालीया की कवाच! आता रेडिओ बघतोय."

उरलेल्या दोहोंपैकी पहिल्यात मंद सळसळ होती. दुसऱ्यातून एक बारीक, तीक्ष्ण शिट्टी येत होती. काटा कुठेही न्या, ती दाढेच्या मुळापर्यंत जाई. व्याह्यांनी दोन्ही आळीपाळीने कानाशी धरले, डोळे मिटले, आणि शिट्टीवाला माझ्यापुढे केला.

"ह्यो घ्या. मधी कायबी वाजत न्हाय. चांदी हाय चांदी!"

"अवो, पण त्यात..." दुकानदार म्हणू लागला.

सूनबाईने माझा दंड धरला. "मामा," ती माझ्या कानाशी म्हणाली, "अण्णांना बारीक आवाज येत न्हाय आता. त्यांनी आवाज जुळवून लावलेले पैंजणांचे जोड माझा दादा गुपचूप परत लावतोय. अण्णांना कुणी बोललेलं न्हाय."

उरलेल्या दिवसांत मला वाचनाऐवजी ते यंत्रच होते. शांत रेडिओ माझ्या हाताशीच होता. मी तो बाजूला सरकवला.

"हा बांधून द्या," मी शिट्टीवाल्यावर बोट ठेवले.

आता व्याही दर रविवारी येतात. न कळणाऱ्या भाषांतल्या बातम्या आम्ही दोघे शेजारी बसून ऐकतो. मागच्या रविवारी त्यांनी काटा एका रिकाम्या जागी आणून ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग माझ्याकडे न पाहता विचारले, "पावणं, खरं सांगा. मधी काय वाजतंय का ह्यो?"

मी आयुष्यभर गणित शिकवले. चुकीच्या उत्तराला अर्धा गुणही कधी दिला नाही.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि आवाज आणखी वाढवला.